आखूड उभी अँटेना : कॉइलच्या आधी माथा आणि जमीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ मीटर उंचीच्या फायबरग्लासच्या काठीवर एक उभी तार, तळाशी पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेली कॉइल आणि ४७५ किलोहर्ट्झवर २० वॅटचा ट्रान्समीटर अशी मांडणी आहे. एसडब्ल्यूआर (ट्रान्समीटर आणि अँटेना किती जुळले याचे माप) १:१ मिळतो, तरीही संदेश जवळच्या दोन-चार केंद्रांपलीकडे पोहोचत नाही. अशा वेळी महागडी लिट्झ तार (वेगवेगळे इन्सुलेट केलेले अनेक बारीक धागे वळून केलेली तार) घेऊन मोठी कॉइल करावी का, कॉइल तळातून उचलून काठीच्या मध्यावर न्यावी का, आणि एकूणच अशा आखूड अँटेनाची आखणी कोणत्या क्रमाने करावी?

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. लिट्झ तारेचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि कॉइल आहे तिथेच, तळाशी, राहू द्या. पहिले श्रम काठीच्या माथ्यावर आडव्या तारा ताणण्यावर खर्च करा, दुसरे जमिनीवर रेडियल, म्हणजे अँटेनाच्या तळापासून चहूकडे जाणाऱ्या तारा, पसरण्यावर, आणि ही दोन्ही कामे उरकल्यावरच नवी कॉइल गुंडाळायला घ्या. तोपर्यंत तुम्हाला लागणारी कॉइल आजच्या कॉइलच्या जेमतेम एक-तृतीयांश इंडक्टन्सची झालेली असेल, त्यामुळे आज केलेला खर्च तेव्हा वाया जाईल.

४७५ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६३२ मीटर आहे, म्हणजे पाव तरंगाची पूर्ण अँटेना १५८ मीटर उंच हवी. आपल्याकडे आहेत १२ मीटर. इतकी आखूड तार विजेच्या दृष्टीने म्हणजे एक लहानसा कपॅसिटर आणि त्याच्याशी ओळीने जोडलेला एक अगदी क्षुल्लक रोध. हा रोध म्हणजे रेडिएशन रेझिस्टन्स, आणि अवकाशात जाणारी सगळी शक्ती फक्त याच रोधात खर्च होते. त्याच प्रवाहाच्या वाटेवर कॉइलचा रोध आणि जमिनीचा रोध बसलेले असतात, आणि ते आपापला वाटा उष्णतेच्या रूपाने घेतात. कॉइल कपॅसिटरचा परिणाम खोडून काढते, त्यामुळे अनुनाद साधतो. तो साधला म्हणून प्रक्षेपण वाढते असे मात्र नाही. अनुनादामुळे प्रवाह वाहायला वाट मिळते, आणि त्या प्रवाहातून किती शक्ती बाहेर पडेल हे रेडिएशन रेझिस्टन्स ठरवतो.

या रोधाचे सूत्र पाठ करून ठेवण्याजोगे आहे : रेडिएशन रेझिस्टन्स = १५८० × (परिणामी उंची ÷ तरंगलांबी)², उत्तर ओहममध्ये. यातला महत्त्वाचा शब्द ‘परिणामी उंची’ हा आहे. नुसत्या उभ्या तारेत प्रवाह तळाशी पूर्ण असतो आणि टोकाकडे जाताना सरळ रेषेत घटत शून्यावर येतो, म्हणून तिची परिणामी उंची प्रत्यक्ष उंचीच्या निम्मीच भरते. तुमच्या तारेसाठी ती ६ मीटर, आणि रेडिएशन रेझिस्टन्स ०.१४ ओहम. टोकाशी प्रवाह शून्य होऊ दिला नाही, तो माथ्यापर्यंत पूर्ण वाहत राहिला, तर परिणामी उंची १२ मीटर होईल आणि रेडिएशन रेझिस्टन्स चौपट, म्हणजे ०.५७ ओहम. माथ्यावरच्या आडव्या तारा हेच काम करतात. त्या स्वतः फारसे प्रक्षेपण करत नाहीत, पण उभ्या तारेच्या टोकाशी आलेल्या प्रवाहाला पुढे जायला जागा देतात.

आता आजच्या अँटेनाचा हिशेब मांडू. २ मिलिमीटर जाडीच्या उभ्या तारेचे कपॅसिटन्स दर मीटरला साधारण ६ पिकोफॅरड असते, त्यामुळे १२ मीटरला सुमारे ७५ पिकोफॅरड. त्याचा रिॲक्टन्स (कपॅसिटर किंवा कॉइल या वारंवारतेच्या प्रवाहाला करते तो अडथळा) ४,४७० ओहमच्या आसपास येतो, तो खोडायला सुमारे १.५ मिलिहेन्रीची कॉइल लागते, आणि कॉइलचा क्यू (रिॲक्टन्स भागिले रोध, म्हणजे कॉइलच्या गुणवत्तेचे माप) ३०० धरला तर तिचा रोध १५ ओहम होतो. जमिनीचा रोध २० ओहम धरू. चांगल्या बागेत, बऱ्यापैकी रेडियल असतील तर हा आकडा येऊ शकतो. एकूण रोध ३५ ओहम आणि त्यात उपयोगाचे फक्त ०.१४ ओहम, म्हणजे कार्यक्षमता ०.४ टक्के. २० वॅटपैकी ०.०८ वॅट अवकाशात जातात. आखूड उभ्या अँटेनाचा दिशालाभ आदर्श जमिनीवर ३ पट असतो, म्हणून ईआयआरपी, म्हणजे दिशालाभ धरून मोजलेली प्रक्षेपित शक्ती, सुमारे पाव वॅट.

तुमच्या जमिनीचा रोध २० ओहमपेक्षा पुष्कळ जास्त असण्याची शक्यता मला वाटते, आणि ते तपासायला वेगळे उपकरण लागत नाही. अनुनादाच्या वारंवारतेला एसडब्ल्यूआर १:१ जुळवा, मग वारंवारता दोन्ही बाजूंना हळूहळू सरकवून एसडब्ल्यूआर २.६ कुठे होतो ते टिपा. त्या दोन वारंवारतांमधले अंतर भागिले मध्यवर्ती वारंवारता, गुणिले कॉइलचा रिॲक्टन्स, म्हणजे अँटेनाचा एकूण रोध. हे अंतर ३.७ किलोहर्ट्झ आले तर ३५ ओहमचा माझा अंदाज बरोबर. १० किलोहर्ट्झ आले तर एकूण रोध ९४ ओहम आहे, म्हणजे मी वर काढलेला पाव वॅटसुद्धा तुमच्याकडून बाहेर पडत नाही. पुष्कळ जण रुंद बँडविड्थ, म्हणजे हे अंतर मोठे, पाहून समाधान मानतात. या पट्ट्यांवर आखूड अँटेना रुंद पट्ट्यात सुखाने चालत असेल, तर शक्ती कुठेतरी मुरत आहे असे समजावे.

आता माथ्यावर ३० मीटर आडवी तार ताणा, उभ्या तारेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर, म्हणजे इंग्रजी टी अक्षराचा आकार. १२ मीटर उंचीवरच्या आडव्या तारेचे कपॅसिटन्स दर मीटरला ५.५ पिकोफॅरड, म्हणून ३० मीटरचे १६५. उभ्या तारेचे ७५ मिळवून एकूण २४० पिकोफॅरड. उभ्या तारेच्या माथ्याशी आता तळच्या प्रवाहाच्या १६५/२४०, म्हणजे ६९ टक्के प्रवाह शिल्लक असतो. माथ्याचा आणि तळाचा प्रवाह यांची सरासरी घेतली की परिणामी उंची १०.१ मीटर आणि रेडिएशन रेझिस्टन्स ०.४१ ओहम. त्याच वेळी रिॲक्टन्स १,४०० ओहमवर उतरतो, कॉइल ४६८ मायक्रोहेन्रीची पुरते, आणि त्याच ३०० क्यूला तिचा रोध ४.७ ओहम होतो. जमिनीचे २० ओहम तसेच धरले तरी कार्यक्षमता १.६ टक्के झाली. म्हणजे चौपट, ६ डेसिबल, आणि तेही एका तारेच्या भेंडोळ्याच्या बदल्यात. २० वॅटमध्ये आता जवळपास १ वॅट ईआयआरपी मिळते. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओ सेवेला दिला तेव्हा सर्वसाधारण मर्यादा नेमकी हीच ठेवली होती. काही देशांच्या सीमांपासून ८०० किलोमीटरपेक्षा दूर असलेल्यांना ती ५ वॅटपर्यंत वाढवण्याची मुभा आहे, पण ती द्यायची की नाही हे प्रत्येक देशाचे प्रशासन ठरवते, म्हणून आपल्या परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात.

माथ्याची आडवी तार किती लांब असावी, याला एक नैसर्गिक मर्यादा आहे. ३० मीटरची ६० मीटर केली तर रेडिएशन रेझिस्टन्स ०.४१ वरून ०.४७ पर्यंतच जातो, कारण परिणामी उंची काठीच्या उंचीपलीकडे जाऊ शकत नाही. फायदा होतो तो कॉइल आणखी लहान होण्याचा आणि विद्युतदाब घटण्याचा. याउलट काठी १२ ऐवजी १५ मीटर केली आणि माथा तोच ठेवला, तर रेडिएशन रेझिस्टन्स ०.६ ओहमपर्यंत पोहोचतो. म्हणून माझा सल्ला असा की आडवी तार उभ्या तारेच्या दोन-अडीचपट झाली की उरलेली उमेद उंचीवर खर्च करावी, कारण उंची सूत्रात वर्गाने येते.

लांबीला जागा नसेल तर दोन तारा समांतर ताणाव्यात. एक मीटर अंतरावरच्या दोन तारांचे कपॅसिटन्स एका तारेच्या दीडपट होते. त्याच दोन तारा दहा सेंटिमीटरवर ठेवल्या तर वाढ फक्त तीस टक्के, कारण जवळच्या तारा एकमेकींच्या क्षेत्रात वाटेकरी होतात. तार जाड करून तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. जाडी दुप्पट केली तरी कपॅसिटन्स सात-आठ टक्क्यांनीच वाढते, आणि काठीवर वजन मात्र चौपट होते. बारीक, बळकट तार घ्या आणि तारांमध्ये अंतर राखा. आडव्या तारेसाठी दुसरे-तिसरे टोक बांधायला जागाच नसेल, तर माथ्यावरून छत्रीच्या काड्यांसारख्या तिरप्या तारा खाली आणता येतात, पण त्यांतला खाली वाहणारा प्रवाह उभ्या तारेच्या प्रक्षेपणाला अंशतः मारतो. त्यांची टोके काठीच्या निम्म्या उंचीच्या वरच तोडून तिथे इन्सुलेटर घाला आणि पुढे दोरी लावा.

कॉइल मध्यावर नेण्याबद्दल. मोबाइल अँटेनांच्या अनुभवातून ही कल्पना येते आणि तिच्यात तथ्य आहे : कॉइलच्या खालच्या भागात प्रवाह जवळपास सारखा राहतो, त्यामुळे तुमच्या नुसत्या १२ मीटर तारेची परिणामी उंची ६ वरून ९ मीटर होईल. पण कॉइलच्या वर आता सहाच मीटर तार उरली, तिचे कपॅसिटन्स ४१ पिकोफॅरड, म्हणून कॉइल २.७ मिलिहेन्रीची लागेल आणि तिचा रोध २७ ओहम होईल. कार्यक्षमता ०.६८ टक्के. तळाच्या कॉइलपेक्षा बरी, पण आडव्या तारेने मिळालेल्या १.६ टक्क्यांच्या निम्मीही नाही, आणि वर ती जड कॉइल पावसात आणि वाऱ्यात सहा मीटरवर लटकत ठेवायची. आडवी तार असताना कॉइल अगदी माथ्याखाली नेली तर जास्तीत जास्त एक डेसिबल मिळतो. तळाची कॉइल हाताशी असते, टॅप (वेढ्यांमधून मधेच काढलेली जोडणी) बदलता येतो, झाकता येते. त्या एका डेसिबलसाठी हे सुख सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जमीन. वरच्या हिशेबात एकूण २५ ओहमपैकी २० ओहम जमिनीचे आहेत, त्यामुळे यापुढची सगळी लढाई तिथेच आहे. जमिनीचा रोध २० वरून १० वर आणला तर २.२ डेसिबल मिळतात. कॉइलचा क्यू ३०० वरून ६०० वर नेला, जे सोपे नाही, तर मिळतात अवघे ०.४ डेसिबल. लिट्झ तार बाजूला ठेवायला मी का सांगितले, ते या दोन आकड्यांत आहे.

तांब्याचा एक लांब दांडा ठोकून चांगली ‘अर्थ’ मिळते ही समजूत या कामापुरती सोडून द्यावी लागते. साधारण मातीत ४७५ किलोहर्ट्झचा प्रवाह दहा मीटर खोलीपर्यंत पसरतो, १३७ किलोहर्ट्झवर जवळपास वीस मीटर. दीड-दोन मीटरचा दांडा विजेपासून संरक्षणासाठी आवश्यक आहे, तो असावाच, पण अँटेनाच्या प्रवाहाला तो फारसा उपयोगी नाही. माथ्यावरच्या तारांपासून विद्युतक्षेत्राच्या रेषा खाली उतरतात, जिथे जमिनीला टेकतात तिथून प्रवाह मातीत शिरतो आणि अँटेनाच्या तळाकडे परततो. हा परतीचा प्रवास मातीऐवजी तांब्यातून व्हावा, एवढेच रेडियलचे काम आहे. म्हणून रेडियल कुठे हवेत हे माथा ठरवतो. आडव्या तारेच्या बरोबर खाली आणि तिच्या टोकांच्या पाच-सात मीटर पुढेपर्यंत ते दाट असावेत, इतर दिशांना काठीच्या उंचीइतके किंवा थोडे अधिक पुरेत.

आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीचे अभियंते ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन यांनी १९३७ मध्ये ३ मेगाहर्ट्झवर २ पासून ११३ पर्यंत रेडियल बदलत मोजमापे प्रसिद्ध केली, आणि प्रसारण केंद्रांची १२० रेडियलची रूढी त्या कामावर उभी राहिली. त्यांतले लांब रेडियल पाव तरंगाहूनही लांब होते. तुम्हाला तसे काही करता येणार नाही, करायची गरजही नाही. आखूड अँटेनाचा बहुतेक परतप्रवाह जवळच गोळा होतो, त्यामुळे ठरावीक तार हाताशी असेल तर मोजक्या लांब तारांपेक्षा जास्त संख्येने आखूड तारा पसरणे फायद्याचे ठरते. ३०० मीटर तार असेल तर ५० मीटरचे सहा रेडियल न करता १५ मीटरचे वीस करा. तार गवताच्या मुळाशी अंथरली किंवा बोटभर खोल पुरली तरी चालते. खोल पुरण्याने काही साधत नाही.

काम टप्प्याटप्प्याने करा आणि प्रत्येक टप्प्यावर मोजा. आधी चार रेडियल, मग आठ, सोळा, बत्तीस. दर वेळी अनुनाद पुन्हा जुळवून एकूण रोध वहीत लिहा. चारावरून आठावर जाताना मोठी घट दिसेल, सोळावर मध्यम. ज्या टप्प्यावर दुप्पट तार घालूनही रोध एखाद-दुसऱ्या ओहमनेच उतरतो, तिथे थांबा. उरलेला रोध मग मातीतला नसतोच बहुतेक. तो झाडांमध्ये, भिंतींमध्ये, छपराच्या ओल्या लाकडात असतो, कारण अँटेनाचे विद्युतक्षेत्र त्यांतूनही जाते आणि या अर्धवट वाहक वस्तू त्यातून शक्ती शोषतात. माझ्या एका अँटेनाची आडवी तार एका मोठ्या झाडाच्या फांद्यांमधून नेली होती. तीच तार झाडापासून चार मीटर बाजूला घेतल्यावर, जमिनीत एकही नवी तार न घालता, एकूण रोध ४१ वरून ३० ओहमवर आला. तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे, कारण त्याआधीचे दोन रविवार मी कुदळ घेऊन रेडियल वाढवण्यात घालवले होते आणि मीटरचा काटा जेमतेम हलला होता.

जमीन अगदी खडकाळ असेल तर दोन-तीन मीटर उंचीवर इन्सुलेटरांवर ताणलेल्या तारांची जाळी, म्हणजे काउंटरपॉइज, जमिनीऐवजी वापरता येते. आणि परतप्रवाह विभागण्याचा आणखी एक मार्ग मोठ्या केंद्रांनी दाखवून दिला आहे. स्वीडनमधले ग्रिमेटन केंद्र १९२४ मध्ये सुरू झाले; त्याचा १७.२ किलोहर्ट्झचा ट्रान्समीटर आता फक्त खास प्रसंगी चालवला जातो. तिथे १२७ मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांवर लांबलचक आडव्या तारा आहेत आणि अभियंता अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांच्या योजनेप्रमाणे सहा उभ्या तारा वेगवेगळ्या ठिकाणी, प्रत्येकीची स्वतंत्र कॉइल घेऊन, जमिनीला मिळतात. जमिनीतला प्रवाह एका बिंदूशी गर्दी करण्याऐवजी सहा ठिकाणी वाटला जातो आणि नुकसान घटते. लांब जागा असलेल्या हौशी मंडळींना दोन उभ्या तारांपुरती ही युक्ती जमण्यासारखी आहे, पण ते नंतरचे काम.

कॉइल गुंडाळायची वेळ आली की तिचे माप असे काढा. इंडक्टन्स मायक्रोहेन्रीत = ०.३९४ × त्रिज्या² × वेढे² ÷ (९ × त्रिज्या + १० × लांबी), मापे सेंटिमीटरमध्ये. हे व्हीलर यांचे १९२८ चे सूत्र आहे आणि अशा कॉइलसाठी अगदी भरवशाचे आहे. २० सेंटिमीटर व्यास आणि २० सेंटिमीटर लांबी घेतली तर ४६८ मायक्रोहेन्रीसाठी ५९ वेढे येतात. तार सुमारे ३७ मीटर लागते. पाच-सहा वेढे जास्त गुंडाळा, कारण वेढे सोडवणे सोपे असते. लांबी आणि व्यास साधारण सारखे ठेवणे हे क्यूच्या दृष्टीने चांगले प्रमाण आहे.

वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीइतकी मोकळी जागा सोडा, हे मी आग्रहाने सांगतो. ४७५ किलोहर्ट्झवर प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाच्या ०.१ मिलिमीटर थरातच वाहतो, आणि शेजारचे वेढे चिकटून असले तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तो थरही एका बाजूला दाबला जातो. वरच्या कॉइलमध्ये एका वेढ्याला ३.४ मिलिमीटर जागा मिळते, म्हणजे १.७ मिलिमीटरची तार आणि तेवढीच फट. तारेबरोबर तेवढ्याच जाडीची नायलॉनची दोरी जोडीने गुंडाळावी आणि टोके पक्की झाल्यावर दोरी उलगडून काढावी. फट आपोआप सारखी पडते.

साचा कशाचा, हेही महत्त्वाचे आहे. माझी पहिली कॉइल मी काळ्या प्लास्टिकच्या पाइपवर, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळली होती. अर्ध्या तासात अँटेनाचा प्रवाह १.१ अँपिअरवरून ०.९ वर आला. ट्रान्समीटर बंद करून साच्याला हात लावला तेव्हा दोन्ही टोके थंड होती आणि मधला हातभर पट्टा कोमट लागत होता. काळ्या रंगासाठी घातलेला कार्बन उच्च वारंवारतेला शक्ती खातो. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची पांढरी बादली, अथवा चार-सहा उभ्या पट्ट्यांचा पिंजरा, हे साचे मला पीव्हीसीपेक्षाही चांगले वाटले, कारण तारेखाली जितके कमी प्लास्टिक तितके बरे. कॉइल धातूच्या पेटीत ठेवायची असेल तर भिंती कॉइलपासून निदान तिच्या व्यासाइतक्या दूर असाव्यात.

बारीक जुळणीसाठी व्हेरिओमीटर करा : मुख्य कॉइलच्या आत, तिच्याशी ओळीने जोडलेली एक लहान कॉइल अक्षावर फिरती ठेवायची. दोन्हींचे क्षेत्र एका दिशेला असले की इंडक्टन्स वाढते, उलट केले की घटते. याची गरज पावसाळी हवेत कळते. ओल्या दोऱ्या, तारेवरचे थेंब, भिजलेली पाने यांनी कपॅसिटन्स काही पिकोफॅरडने हलते, आणि वरच्या अँटेनाची बँडविड्थ साडेआठ किलोहर्ट्झच आहे. अनुनाद बिघडल्यावर ट्रान्समीटरचे मॉसफेट (शक्ती देणारे ट्रान्झिस्टर) सर्वांत आधी जातात. २५ ओहमवरून ५० ओहमवर येण्यासाठी फेराइट रिंगवर १० आणि ७ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, किंवा कॉइलच्या जमिनीकडच्या टोकाशी काही वेढे सोडून तिथे टॅप द्यावा. रेडियल वाढवून रोध घटला की हे प्रमाण पुन्हा बदलावे लागते, म्हणून ट्रान्सफॉर्मरला दोन-तीन टॅप काढून ठेवा.

तळाशी एक प्रवाहमापक कायमचा बसवा. फेराइट रिंगमधून अँटेनाची तार एकदा जाते, रिंगवर वीस-तीस वेढ्यांचे दुसरे गुंडाळे, त्यावर रोध, डायोड आणि मीटर, इतकेच. एसडब्ल्यूआर मीटरपेक्षा हा मीटर जास्त खरे बोलतो. वरच्या टी अँटेनात १ वॅट ईआयआरपीसाठी ०.९१ अँपिअर लागतात. खातरजमा करायची असेल तर एक किलोमीटरवर क्षेत्रतीव्रता मोजा, ती ५.५ मिलिव्होल्ट दर मीटर यायला हवी. शंभर मीटरच्या आत मोजलेले आकडे जवळच्या क्षेत्रामुळे फसवे असतात.

विद्युतदाबाकडे दुर्लक्ष करू नका. टी अँटेनात १ वॅट ईआयआरपीला कॉइलच्या वरच्या टोकाशी सुमारे १,२७० व्होल्ट असतात, शिखरमूल्य १,८०० च्या जवळ. हेच ईआयआरपी नुसत्या १२ मीटर तारेतून काढायला गेलात तर ८० वॅट आणि ६,८०० व्होल्ट लागतील. पुढे १३७ किलोहर्ट्झवर, म्हणजे २००७ च्या परिषदेने दिलेल्या १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर, जाण्याचा विचार असेल तर हीच टी अँटेना तिथे ०.०३४ ओहम रेडिएशन रेझिस्टन्स देते. १ वॅटसाठी तीन अँपिअरच्या वर प्रवाह, ५.६ मिलिहेन्रीची कॉइल आणि १५,००० व्होल्टच्या वर दाब लागतो. जमिनीचा रोधही खाली जाताना सहसा वाढतो. तो ५० ओहम धरला तर साडेसहाशे वॅट द्यावे लागतात. तिथे कॉइलचा रोध १६ ओहम होतो, म्हणून लिट्झ तारेला त्या पट्ट्यावर खरा अर्थ आहे, आणि ०.१ मिलिमीटर धाग्यांची लिट्झ तिथे चांगली काम करते.

त्या दाबाला तारेचे तीक्ष्ण टोक चालत नाही. १३७ किलोहर्ट्झच्या पहिल्या रात्री माझ्या आडव्या तारेच्या टोकाशी बारीक फुसफुस ऐकू आली, आणि दिवे मालवल्यावर तिथे गहूभर जांभळा ठिपका दिसला. सकाळी पाहिले तर टोकावरचे प्लास्टिकचे आवरण वितळून काळे पडले होते. तेव्हापासून प्रत्येक टोक तळहाताएवढ्या गोल फाशात वळवून, कापलेले टोक आत दडवून झाळतो, आणि इन्सुलेटर बोटभर नव्हे तर वीतभर लांबीचे वापरतो. कॉइलभोवती कुंपण असावे, मुले आणि जनावरे तिथवर पोहोचू नयेत. अँटेना वापरात नसताना तिचा तळ जाड तारेने थेट जमिनीला जोडणारा स्विच बसवा, आणि आकाशात गडगडाट ऐकू येण्याच्या आधीच त्याने अँटेना जमिनीला जोडण्याची सवय ठेवा.

तुम्ही आडवी तार चढवण्यापूर्वी आणि चढवल्यानंतर एसडब्ल्यूआर २.६ चे ते दोन बिंदू आणि तळचा प्रवाह, अशी दोन्ही मापे कळवा. त्यावरून तुमच्या जमिनीचा खरा रोध काढता येईल, आणि किती रेडियल अजून घालायचे ते नेमके सांगता येईल.